गावाचा वारसा आणि शाळकरी पोरांची वही

आजच्या व्याख्यानाचा विषय संयोजकांनी कळवला तो असा: 'स्थानिक सांस्कृतिक वारशाच्या जतन-संवर्धनात शालेय विद्यार्थ्यांचा सहभाग'. शीर्षक भारदस्त आहे. आम्ही उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवला, तेव्हा भारदस्त शीर्षकाला घाबरत नाही. पण समोर गुरुजी, बाई, पालक आणि मागच्या रांगेत काही लेकरंही बसलेली दिसतात. म्हणून आपण जरा साध्या भाषेत बोलू.

एका प्रसंगापासून सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेत आम्हाला प्रकल्पवह्या पाहायला बसवलं होतं. विषय होता 'आपला वारसा'. तीसेक वह्या असतील. उघडावी त्या वहीत अजिंठा, वेरूळ, ताजमहाल. स्टेशनरीच्या दुकानात पाच रुपयांना चित्रांचा तक्ता मिळतो, तो कापून चिकटवलेला. दोघा-तिघांनी थर्मोकोलचा किल्ला केला होता, त्याला बुरूज होते पण नाव नव्हतं. एका मुलीच्या वहीत मात्र पेन्सिलीनं काढलेलं वेडंवाकडं चित्र होतं आणि खाली चार ओळी. मजकूर असा काहीसा: आमच्या घराजवळ लिंबाखाली एक दगड आहे, त्यावर माणूस आहे, गाई आहेत, वर चंद्र आणि सूर्य आहे, आजी त्याला तेल लावते, तो कुणाचा आहे ते आजीला माहीत नाही. या वहीला सगळ्यांत कमी गुण होते. शेरा होता, 'विषयास सोडून'.

आता तो दगड म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तो वीरगळ. लढाईत मेलेल्या माणसाची आठवण म्हणून उभा केलेला दगड. तो खालून वर वाचायचा असतो. सगळ्यांत खालच्या चौकटीत लढाई किंवा आडवा पडलेला वीर. तिथं गाई कोरलेल्या असतील तर समजावं की गाव लुटायला आलेल्यांपासून गुरं सोडवताना तो गेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत. त्याच्या वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही आठवण राहो. शेजारच्या दगडावर कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर ती सतीशिळा. मराठवाड्यात असे दगड मारुतीच्या पारावर, पांदीच्या कडेला, कुठे गोठ्याच्या भिंतीतही सापडतात. कुणी त्यावर धुणं आपटतं, कुणी म्हैस बांधतं.

म्हणजे त्या वर्गात ज्या एका मुलीनं खरोखर आपला वारसा पाहिला होता, तीच नापासाच्या काठावर होती. यात त्या शिक्षकांना दोष द्यावा असं आम्हाला वाटत नाही. आपण सगळ्यांनीच 'वारसा' हा शब्द पुस्तकातल्या चित्राला बांधून टाकला आहे. वारसा म्हणजे लांबचा, मोठा, तिकीट काढून पाहायचा. घराजवळचा दगड हा नुसता दगड.

दुसरी गोष्ट अशी की वारसा जपायचा म्हटलं की आपण मुलांना प्रेक्षक करतो. सहल काढतो, धारूरचा किल्ला दाखवतो, सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखानानं बांधला असं सांगतो, डबे खातो, परत येतो. सहल वाईट नाही. पण मूल तिथं ऐकणारं असतं, काम करणारं नसतं. आम्हाला आज जे मांडायचं आहे ते इतकंच की हे काम मुलांकडून करवून घ्यायचं आहे, आणि काही कामं तर मुलंच करू शकतात, मोठ्यांना ती जमत नाहीत.

याला एक मोठा पुरावा आहे, जरा लांबचा. आयर्लंड. हा देशही आपल्यासारखाच इंग्रजांच्या अमलाखालून बाहेर आलेला, शेतकऱ्यांचा, आणि स्वतःची भाषा हातातून निसटत चाललेली. तिथल्या लोकसाहित्य आयोगानं १९३७ साली शिक्षण खात्याच्या आणि शिक्षकांच्या संघटनेच्या मदतीनं एक योजना काढली. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांनी आपल्या घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडून गोष्टी, औषधं, खेळ, म्हणी, पवित्र विहिरी, दुष्काळाच्या आठवणी विचारून आणायच्या आणि निबंधाच्या तासाला लिहून काढायच्या. निबंधाचा तास वाया जात नव्हता, उलट त्याला काहीतरी लिहिण्याजोगं मिळालं. शिक्षकांना एक पुस्तिका दिली होती, तिच्यात ५५ विषय आणि प्रत्येकाखाली प्रश्न. दोनेक वर्षं हे चाललं. सुमारे ५ हजार शाळा, सुमारे ५० हजार मुलं, आणि जमलेला मजकूर मुलांच्या वह्या व बांधीव खंड धरून ७ लाख ४० हजार पानांच्या आसपास. आज ती पानं इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. या आयोगाच्या संग्रहाची २०१७ साली युनेस्कोनं जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत नोंद केली. लक्षात घ्या, त्या नोंदवहीत पाचवी-सहावीच्या पोरांचं अक्षर आहे.

मुलांनाच का पाठवलं? पैसा कमी होता, हे एक कारण असेलच. पण खरी गोष्ट निराळी आहे. एखादा प्राध्यापक वही-पेन घेऊन म्हातारीसमोर बसला की ती पदर सावरते आणि त्याला आवडेल असं बोलते. "आमाला काय येतं बाबा, आमी अडाणी." हे वाक्य आम्ही स्वतः किती वेळा ऐकलं आहे. तीच म्हातारी नातवानं विचारलं की दोन तास बोलते, मधे त्याला रागावते, मधे त्याच्या बापाच्या लहानपणीची खोडी सांगते, आणि त्या बोलण्यात जे येतं ते प्राध्यापकाला मिळत नाही.

आता घराजवळ येऊ. इथून माजलगाव किती लांब, तुम्हीच सांगा. माजलगावच्या भीमनगर वस्तीतल्या बायकांनी १९९६ साली जात्यावरच्या ओव्या म्हटल्या आणि त्या ध्वनिमुद्रित झाल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघा संशोधकांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून हे काम केलं. सगळ्या महाराष्ट्रातून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पुढे 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेनं त्या लोकांपुढे आणल्या. माजलगावच्या त्या बायकांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या आहेत. घरच्या माणसावर, लेकरावर, विठोबावर जशी ओवी रचावी तशीच भीमरावावर. हा बीड जिल्ह्याचा वारसा आहे, आणि तो फार मोठा आहे. त्याआधी साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' मध्ये बायकांच्या ओव्या जमवल्या होत्या, डॉ. सरोजिनी बाबर, दुर्गाबाई भागवत, आपल्या मराठवाड्यात डॉ. प्रभाकर मांडे, या मंडळींनी लोकसाहित्यासाठी आयुष्यं दिली. पण कितीही मोठा संशोधक असला तरी तो एका गावात किती दिवस राहणार? शाळा गावात रोज असते.

इथं एक कबुली द्यायची आहे. आमची आजी पहाटे दळायची. आम्ही लहान असताना तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचो, तिचा आवाज आणि जात्याची घरघर एकच वाटायची. पुढे गावात पिठाची गिरणी आली. जातं माळवदाखालच्या कोपऱ्यात गेलं आणि गाणंही गेलं, कारण ओवी ही बसून म्हणायची कविता नाही, ती हाताच्या फेऱ्यावर चालते. आम्ही शिकलो, प्राध्यापक झालो. टेप रेकॉर्डर विकत घेतला. त्यावर परिसंवाद मुद्रित केले, थोरामोठ्यांची भाषणं मुद्रित केली. आजी तेव्हा होती. सुट्टीला गेलो की भेटायची. तिचा आवाज टेप करावा असं एकदाही सुचलं नाही. ज्ञानमीमांसेवर व्याख्यानं देणाऱ्या माणसाला आपल्या आजीकडे ज्ञान आहे हे कळलं नाही. त्या कॅसेटी अजून आमच्या कपाटात आहेत, एकही ऐकावीशी वाटत नाही.

असो. आपल्या भागातली परिस्थिती काय आहे? तेलगाव म्हणजे चौफुली. बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे रस्ते इथं एकमेकांना छेदतात, साखर कारखाना इथं आहे, आणि तरी दसरा-दिवाळीच्या सुमाराला आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे लागतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ते गेले की लेकरं एक तर फडावर जातात नाहीतर मागं राहतात, आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात. शाळेच्या दृष्टीनं हा संकटाचा काळ, आणि तो संकटाचाच आहे, त्याला गोड नाव देऊ नये. पण एक गोष्ट पाहा. सबंध महाराष्ट्रात शहरातली नातवंडं आजीला व्हिडिओ कॉलवर भेटतात. आपल्याकडे हजारो लेकरं वर्षातले पाच-सहा महिने फक्त आजी-आजोबांसोबत राहतात. संध्याकाळी दोघंही एकटे असतात. त्यांच्या हातात जर शाळेनं एक वही आणि चार चांगले प्रश्न दिले, तर ती संध्याकाळ वेगळी जाईल. आणि जी मुलं फडावर गेली त्यांनीही वही न्यावी. कोपी कशी बांधतात, मोळीला काय म्हणतात, मुकादम, उचल, खाडा हे शब्द कसे वापरतात, पहाटे गाडी भरताना कोणतं गाणं, हा वारसा नाही का? आपल्या जिल्ह्यातल्या कित्येक घरांच्या पिढ्यांची ती कहाणी आहे. शाळेत परतलेल्या मुलाला आपण 'मागे पडलेला' म्हणतो. त्याच्याकडे वर्गातल्या इतरांकडे नसलेलं काहीतरी आहे, हे वर्गाला कळण्याची दुसरी वाट आम्हाला तरी दिसत नाही.

दुसरं धरण. सिंदफणेवर माजलगावचं धरण झालं आणि गावं पाण्याखाली गेली, माणसं वर पुनर्वसनात आली. नव्या गावाला सरळ रस्ते, आखलेले प्लॉट. जुनं गाव कसं होतं हे फक्त डोक्यात आहे, तेही साठीच्या पुढच्यांच्या. वेस कुठे होती, गढी कुठे, आड कुठे, कुणाच्या घराला कुणाची भिंत लागून. शाळेनं मोठा कागद घेऊन बसावं, चार-पाच म्हाताऱ्या माणसांना बोलवावं आणि मुलांनी त्यांच्या सांगण्यावरून जुन्या गावाचा नकाशा काढावा. भांडणं होतील. एक म्हणेल आड मारुतीच्या उजव्या हाताला, दुसरा म्हणेल डाव्या. होऊ द्यावीत. ती भांडणं हाच अभ्यास.

कारण इथं आमचा विषय येतो. आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची साधनं सांगितली आहेत, त्यांना प्रमाणं म्हणतात. प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांनी जाणलेलं. अनुमान, म्हणजे धूर दिसला म्हणून अग्नी आहे असं म्हणणं. उपमान. आणि शब्द, म्हणजे विश्वासार्ह माणसाचं सांगणं. अशा माणसाला आप्त म्हणतात. आता आप्त कोण? वात्स्यायनाच्या भाष्यात याचं सुंदर विवेचन आहे. ज्यानं गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि पुढे तो स्पष्ट सांगतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखंच लागू आहे. दीड हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ हे म्हणतो! मग आपल्या गावात विहिरीबद्दल आप्त कोण? इतिहासाचे प्राध्यापक नव्हे. ज्या बाईनं चाळीस वर्षं त्या विहिरीचं पाणी शेंदलं ती. वीरगळाच्या काळाबद्दल मात्र ती आप्त नाही, तिथं दगडाची घडण पाहून जाणकारानं अनुमान करावं लागेल. मुलांना हा भेद कळला तर त्यांना सगळं कळलं. म्हणून वहीत तीन रकाने करावेत असं आम्ही सुचवतो: मी काय पाहिलं, मला कुणी काय सांगितलं, आणि त्यावरून मला काय वाटतं. व्हॉट्सअ‍ॅपवर येईल ते पुढे ढकलणाऱ्या आजच्या काळात सातवीतल्या पोरानं हे तीन रकाने वेगळे ठेवायला शिकावं, याहून मोठं तत्त्वज्ञान आम्ही एम. ए.च्या वर्गातही शिकवलेलं नाही.

विचारायचं कसं, हे थोडं विस्तारानं सांगतो, कारण गाडी इथंच अडते. "आजोबा, आपल्या गावाचा इतिहास सांगा" असं विचारलं की आजोबा शिवाजी महाराजांपासून सुरू करतात किंवा गप्प बसतात. त्याऐवजी विचारावं, तुम्ही लहान होता तेव्हा पिण्याचं पाणी कुठून यायचं? दिवा कशाचा? पेवात किती ज्वारी मावायची, आणि पेव उघडल्यावर लगेच आत का उतरत नसत? तुमच्या लग्नाला वऱ्हाड कशातून गेलं? साल विचारू नये. म्हाताऱ्या माणसाला साल आठवत नाही, पण मोठ्या घटनेच्या आधीचं की नंतरचं हे पक्कं आठवतं. आपल्याकडे असे तीन खुंटे आहेत. पहिला १९४८, पोलीस ॲक्शन. त्याआधी आपण निजामाच्या राज्यात होतो, तेव्हाची शाळा उर्दूतून. दुसरा १९७२ चा दुष्काळ. खडी फोडायला गेलेले हात, सुकडी, मिलो ज्वारी. तिसरा धरणाचं पाणी आलं तो काळ. या खुंट्यांना बांधलं की आठवणीचं साल जवळपास ठरतं. १९४८ साली दहा वर्षांचं असलेलं माणूस आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे, हा हिशेब मात्र मोठ्यांनी करायचा.

आणि ओवी हवी असेल तर आधी जातं हुडकावं. जातं मांडावं, मूठभर दाणे टाकावेत, खुंटा हातात द्यावा. मग पाहा. नुसतं "ओवी म्हणा" म्हटलं तर पहिली दोन कडवी येतात आणि बाई हसून तोंडाला पदर लावते.

प्रत्येक नोंदीवर सांगणाऱ्याचं नाव, अंदाजे वय, तारीख आणि गाव लिहावं. बाई असेल तर माहेरचं गाव जरूर लिहावं. यामागे एक मोठा मुद्दा आहे जो आमच्याही फार उशिरा ध्यानात आला. आपण म्हणतो 'तेलगावच्या ओव्या', 'तेलगावची रांगोळी', 'तेलगावचं काळं तिखट'. पण गावातली जवळपास प्रत्येक लग्न झालेली बाई दुसऱ्या गावाहून आलेली आहे. तिनं ओवी आणली ती केजहून, गेवराईहून, सोनपेठहून. म्हणजे गावाचा वारसा हा गावात उगवलेला नसतो, तो बोहल्यावरून चालत आलेला असतो. ज्यांना गावाच्या शुद्धतेचा फार अभिमान असतो त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता वास्तूंविषयी. इथं मुलांनी काय करावं यापेक्षा काय करू नये हे महत्त्वाचं. उत्साहाच्या भरात वीरगळ उचलून शाळेच्या व्हरांड्यात आणू नये. दगड जिथं आहे तिथंच तो बोलतो. तारेच्या ब्रशनं घासू नये, ॲसिड लावू नये, आणि हात जोडून विनंती, ऑइल पेंट देऊ नये. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे दगडी देवळाला फरशी, खांबांना पिवळा-निळा रंग आणि देणगीदारांच्या नावाचा संगमरवर. दगडाला रंग दिला की आतला ओलावा बाहेर पडत नाही, पापुद्रे सुटतात आणि कोरीव काम त्या पापुद्र्यांबरोबर जातं. शेंदूर-तेल लावणाऱ्या आजीशी मात्र भांडू नये. तिच्या तेलामुळेच तो दगड आजवर कुणी फोडला नाही.

मुलांनी मोजावं, चित्र काढावं, फोटो काढावा. फोटोत शेजारी पट्टी ठेवावी म्हणजे आकार कळतो. बारव असेल तर पायऱ्या मोजाव्यात, पाणी कोणत्या महिन्यात कुठवर येतं ते वर्षभर टिपावं. बीडची खजाना विहीर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. सोळाव्या शतकात निजामशाहीच्या काळात बांधलेली, जमिनीखालच्या कालव्यांनी शेतीला पाणी देणारी. पण आपल्या गावच्या बारवेत पाणी किती, हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. अलीकडे महाराष्ट्रात बारवा साफ करण्याची, त्यांची नोंद करण्याची मोहीम चांगली चालली आहे, त्यात तरुण मुलं आहेत. शाळकरी मुलांना मात्र बारवेत उतरवू नये. गाळ काढणं मोठ्यांचं काम. नांगरताना किंवा खेळताना नाणं, मूर्ती, ताम्रपट सापडला तर खोदत बसू नये, तहसील कार्यालयात कळवावं. १८७८ चा कायदा आहे, दहा रुपयांहून अधिक किमतीचं सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. आपल्याच माजलगाव तालुक्यात गोदावरीकाठी पुरुषोत्तमपुरीला रामचंद्रदेव यादवाचा १३१० सालचा ताम्रपट मिळाला, महामहोपाध्याय मिराशींनी तो वाचला आणि प्रसिद्ध केला. तो ताम्रपट कुणी मोडीत घातला असता तर किलोच्या भावानं तांबं मिळालं असतं.

घरातली जुनी कागदपत्रं, मोडीतली, उर्दूतली, निघाली तर त्यांना सेलोटेप लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. फोटो काढावा आणि कोरड्या पिशवीत, डांबराच्या गोळ्यांपासून लांब ठेवून द्यावं.

आता जो प्रश्न टाळला जातो तो. कुणाचा वारसा? मुलं वेशीपासून गढीपर्यंत जातील, मग पाणवठ्याचा प्रश्न विचारतील. एका वस्तीची विहीर वेगळी का होती? कुणाला देवळाच्या कोणत्या पायरीपर्यंत यायला परवानगी होती? आजी खरं सांगेल, कारण तिनं ते पाहिलं आहे. तेव्हा वर्गात काय करायचं? काही शिक्षक म्हणतात, जुनं उकरू नये, पोरांत तेढ येईल. आमचं मत स्पष्ट आहे: खोटं लिहिलं तर तो वारसा नव्हे, जाहिरात आहे. राज्यघटनेच्या ५१ क कलमात संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणं हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलं आहे, त्याच यादीत स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडून देणं हेही कर्तव्य सांगितलं आहे. जपायचं आणि सोडायचं, दोन्ही एकाच कलमात. पाणवठा वेगळा होता हे वहीत लिहावं, तो वेगळा राहू नये म्हणून लिहावं. पण एक पथ्य. ज्या घराला त्या गोष्टीचा त्रास झाला त्या घरच्या लेकराला उभं करून "तुझ्या आजोबांचं सांग" असं कधीही म्हणू नये. त्यानं आपण होऊन सांगितलं तर ऐकावं. तसंच परंपरागत व्यवसाय दाखवायचे म्हणून कुंभाराच्या पोरानं मडकं आणि मातंगाच्या पोरानं हलगी, अशी वाटणी स्नेहसंमेलनात करू नये. हलगी सगळ्यांनी शिकावी. ती अवघड आहे, मग वाजवणाऱ्याची किंमत कळते. आणि दर्ग्याचा उरूस, मोहरमच्या सवाऱ्या, त्यांत नाचणारे सगळ्या जातींचे लोक, हेही वहीत आलं पाहिजे.

सांगणाऱ्याची परवानगी घ्यावी, लिहिलेलं त्याला वाचून दाखवावं. "हे लिहू नको" म्हटलं तर खोडून टाकावं, कुरकुर न करता.

राहिला प्रश्न वेळेचा. गुरुजी म्हणतील, अभ्यासक्रम संपत नाही, माहिती भरून द्यायची आहे, त्यात हे कुठे बसवू? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकण्यासाठी ठेवावेत असं म्हटलं आहे. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याप्रमाणे निघतं, तिथून सुरुवात करता येते. निबंधाचा तास तर आहेच. गुण मात्र देऊ नयेत. गुण आले की तक्ते परत येतात.

आणि वही कुठे राहणार, हे पहिल्याच दिवशी ठरवावं. शिक्षकांची बदली होते, कपाटाची किल्ली हरवते, मोबाइल भरला की रेकॉर्डिंग आधी पुसलं जातं. बीडच्या पाटांगणातून इतिहासाचार्य राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची जुनी हस्तलिखित पोथी मिळाली, १९०९ साली त्यांनी ती छापली. पोथी पुढे नाहीशी झाली. आपल्या हाती राहिली ती छापील प्रत. तेव्हा एक वही शाळेत, तिची झेरॉक्स ग्रामपंचायतीत, एक प्रत सांगणाऱ्याच्या घरी आणि आवाज निदान दोन ठिकाणी. इतकी साधी व्यवस्था.

व्याख्यानाआधी चहाच्या वेळी एका बाईंनी आम्हाला विचारलं, "सर, मुलं आजीचं बोलणं लिहिताना 'व्हतं', 'आलतं', 'बगा' असंच लिहितात. मी लाल पेनानं दुरुस्त करू का?" आम्ही त्यांना म्हटलं, त्या वहीला लाल पेन लावू नका. 'व्हतं' हे आजीचं आहे, 'होतं' हे आपलं. शुद्धलेखनाची वही वेगळी ठेवा. त्या म्हणाल्या, तपासणीला साहेब आले तर? तर त्यांना एक पान वाचून दाखवा, मोठ्यानं. साहेबांनाही आजी असेलच.